जिना धुण्याची पाळी

आमच्या जिन्यात पुठ्ठ्याची एक पाटी आहे,
दोरीला लटकणारी, कोपरे झिजलेली:
‘या आठवड्यात जिना तुम्ही धुवायचा.’
धुऊन झालं की पुढच्या दाराच्या मुठीला अडकवायची.
सहा दारं. चाळीस वर्षं ही अशीच फिरते आहे.
तीन आठवडे झाले, ती तियामिकेच्या दारावर आहे
आणि तियामिके आत नाही.

हजेरी द्यायला गेली होती, दर पंधरवड्याला जायची तशी,
पिशवीत अर्धा पाव आणि लायब्ररीचं पुस्तक.
तिथूनच नेली.

लॅक्लन फेब्रुवारीत गेला. मासळीला धुरी देतात त्या शेडमध्ये
हॅडॉकच्या जोड्या टांगता टांगता खाली बसला
तो बसलाच.
तिचा अर्ज नऊ दिवस उशिरा पोचला.
या नऊ दिवसांचा खुलासा करा, असं पत्र आलं.
खुलासा काय करणार?
त्याचे बूट कुणाला द्यावेत की राहू द्यावेत
हे ठरत नव्हतं तिचं.

म्हणून मी सह्या गोळा करत फिरतो.
वय अठ्ठ्याहत्तर, एक गुडघा माझा, एक धातूचा.
बेकरीतल्या इशबेलनं पावाच्या पिशव्यांवर तिचं नाव छापून घेतलं.
फुटबॉलच्या मैदानावर, आपण चार-शून्यनं मार खात असताना,
पोरांनी गोलमागे चादर उलगडली: ‘ती इथलीच.’
चादर लॅक्लनच्या पलंगाची. दोघांची.
पाद्रीबाईंनी भलत्याच वेळी घंटा वाजवली,
कोण गेलं म्हणून लोक बाहेर आले,
मी म्हटलं, अजून कुणी नाही, आणि कागद पुढे केला.
एकानं दार लावून घेतलं. म्हणाला, कायदा तो कायदा.
त्याच्या आईला शेवटची दोन वर्षं
तियामिके चमच्यानं सूप भरवायची.
मी पायरीवर जरा वेळ थांबलो.
दार उघडलं नाही.

काल वकीलबाईंनी फाइल पुढे सरकवली.
पान एकेचाळीस.
‘शेजाऱ्यांशी जुळवून घेत नाही.
जिन्यात सुकट मासळीचा वास.’
सहा वर्षांपूर्वीची तारीख. खाली सही.
गिलफिलनमधल्या ‘जी’ची ती शेपटी
मी शाळेपासून तशीच काढतो.

अख्ख्या आर्ब्रोथचं पोट धुरकट माशावर चालतं,
आमच्या पडद्यांनाही हॅडॉकचा वास,
आणि मला खुपली होती ती
मलावीहून पार्सलनं आलेली तिची ओंजळभर उसिपा.

तिला माहीत होतं का?
गुडघा बदलून आलो तेव्हा सहा आठवडे
पाटी माझ्या दारावरून हलली नव्हती.
सकाळी पाहावं तर पायऱ्या ओल्या, साबणाचा वास.
कुणी विचारलं तर ती म्हणायची,
मिस्टर गिलफिलननी धुतला.

वकीलबाई म्हणाल्या, सह्यांच्या पहिल्या कागदावर
पहिली सही तुमचीच आहे.
ते विचारतील, यातली खरी कुठली?
मी म्हटलं, दोन्ही माझ्याच.
मग त्यांच्याच टेबलावर नवं पत्र लिहिलं:
‘जिन्यात आता कसलाच वास येत नाही.
ही माझी तक्रार समजावी.’
त्यांनी चष्मा पुसला. एवढ्यानं काही होईल
असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

विमान उद्या सकाळी सहा चाळीसला.
इशबेलकडे सगळे जमलेत, विमान कंपनीला फोनवर फोन लावतायत,
तिकडे एकच धून वाजते, मग बाई सांगते की थांबा.
मला तिथं बसवेना.
घरी येऊन बादली भरली.
अठ्ठावन्न पायऱ्या. धातूचा गुडघा प्रत्येकीला हुंकार देतो.
तीन आठवड्यांची माती, पाणी दोनदा बदललं.
वर पोचलो तेव्हा खिडकीतून समुद्र काळा दिसत होता.

तिच्या दारावरची पाटी कलली होती.
सरळ केली
आणि तिथेच राहू दिली.